वर्णद्वेष आणि लघुकथा : निवेदकाच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा कथासंग्रह १९३८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारी हिंसा या संग्रहात विलक्षण ताकदीने व्यक्त झाली होती. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले, वाचक हेलावले. राइट मात्र या स्वागताने अस्वस्थ झाले. दोन वर्षांनी ‘नेटिव्ह सन’ या आपल्या कादंबरीच्या निर्मितीची हकीकत सांगताना त्यांनी स्पष्टच कबूल केले की, बँकमालकांच्या मुलींनी वाचावे, रडावे आणि रडून झाल्यावर त्यांना बरे वाटावे असे पुस्तक आपल्या हातून लिहिले गेले. पुढचे पुस्तक इतके कठोर लिहायचे की वाचकाला अश्रूंचा आधारही मिळू नये, असा त्यांनी निश्चय केला.

राइट यांची ही तक्रार वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाची आहे. अन्यायाचे चित्रण वाचून वाचक हळहळतो, मनाने पीडिताच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि त्या क्षणी तो स्वतःपुरता निर्दोष ठरतो. ज्या समाजरचनेतून तो अन्याय उपजला, तिच्यात आपला वाटा किती, हा प्रश्न त्याला पडत नाही. वर्णद्वेषाचा निषेध करणाऱ्या कथेपुढची ही सर्वांत मोठी अडचण होय. अमेरिकन लघुकथेने या अडचणीतून वेळोवेळी मार्ग शोधले आणि त्यांतील महत्त्वाचे मार्ग निवेदकाच्या निवडीतून निघाले. कथा कोणाच्या तोंडून सांगायची, कोणाच्या मनात वाचकाला बसवायचे आणि त्याच्यापासून काय दडवून ठेवायचे, या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांना या कथांत नैतिक वजन प्राप्त होते. प्रस्तुत लेखात निवडक कथांच्या आधारे याचा विचार केला आहे.

संज्ञांविषयी थोडे

मराठीत या विषयासाठी तीन शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. माणसांची वंशांत विभागणी करून एका वंशाला जन्मतः श्रेष्ठ मानणारी विचारसरणी म्हणजे वंशवाद. त्या विचारावर उभी असलेली कायद्याची आणि व्यवहाराची व्यवस्था म्हणजे वर्णभेद. आणि माणसाच्या मनात मुरलेली तिरस्काराची भावना म्हणजे वर्णद्वेष, असा फरक करता येतो. यांपैकी पहिल्या दोहोंचा अभ्यास इतिहास, समाजशास्त्र आणि विधिशास्त्र करतात. तिसऱ्याचा ठाव घेण्याचे सामर्थ्य मुख्यतः कथात्म साहित्यात आहे, म्हणून शीर्षकात तोच शब्द योजला आहे. ‘वर्ण’ या शब्दाला आपल्याकडे चातुर्वर्ण्याचे जुने ओझे आहे, हेही विसरून चालणार नाही. मराठी वाचक ‘वर्णद्वेष’ म्हणतो तेव्हा कातडीच्या रंगाबरोबर आणखीही काही त्याच्या नकळत उच्चारले जाते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिल्यामुळे शाळा, रेल्वे, उपाहारगृहे अशा सर्व ठिकाणी गोऱ्यांची आणि काळ्यांची ताटातूट वैध ठरली. कायद्याबाहेरची दहशत निराळीच होती. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात जमावाने ठार मारलेल्या ४,७४३ व्यक्तींपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होत्या. अशा हत्येला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये प्रथम १९०० साली मांडले गेले. तसा केंद्रीय कायदा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

गोष्टीच्या आत गोष्ट : चार्ल्स चेस्नट

चार्ल्स चेस्नट (१८५८–१९३२) यांच्यापुढे वाचकाचा प्रश्न अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा होता. ते ज्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात लिहीत, त्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने गोरा आणि सुशिक्षित होता. जुन्या मळ्यांवरील जीवनाच्या गोड आठवणी सांगणारा प्रेमळ म्हातारा गुलाम ही त्या काळी लोकप्रिय झालेली व्यक्तिरेखा होती. चेस्नट यांनी तीच उचलली आणि आतून बदलून टाकली. त्यांच्या ‘द कॉन्जर वुमन’ (१८९९) या संग्रहात जॉन नावाचा उत्तरेकडील गोरा गृहस्थ पत्नीच्या प्रकृतीसाठी नॉर्थ कॅरोलिनात येऊन द्राक्षाचा मळा घेतो. पूर्वी गुलाम असलेला अंकल ज्युलियस त्याला चेटकाच्या गोष्टी सांगतो. बाहेरची चौकट जॉनची आणि आतली गोष्ट ज्युलियसची, अशी ही दुहेरी रचना आहे.

‘पोर सँडी’ ही कथा या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. सँडी हा कामसू गुलाम. मालकाच्या सगळ्या मुलांना तो हवा असतो, म्हणून आज या घरी तर उद्या त्या घरी असा तो फिरवला जातो. एकदा तो परगावी असताना मालक त्याच्या बायकोची विक्री करून टाकतो. दुसरी बायको टेनी चेटूक जाणणारी असते. सँडीला एका जागी राहता यावे म्हणून ती त्याचे झाड करते. पुढे तिला दुसऱ्या मळ्यावर धाडले जाते आणि तिच्या गैरहजेरीत मालक स्वयंपाकघर बांधण्यासाठी तेच झाड तोडतो. टेनी परत येते ती थेट लाकडाच्या गिरणीकडे धावते. तिच्या डोळ्यांदेखत ओंडका करवतीखाली जातो.

गोष्ट संपल्यावर जॉनची पत्नी ॲनी हळहळून उद्गारते की, ज्या व्यवस्थेत अशा गोष्टी शक्य होत्या ती व्यवस्था केवढी भयंकर! त्यावर जॉन आश्चर्याने विचारतो, माणसाचे झाड होते यावर तुझा खरेच विश्वास बसला की काय? या एका प्रश्नात चेस्नट यांनी दोन प्रकारचे वाचक समोरासमोर उभे केले आहेत. जॉनला गोष्टीतले चेटूक तेवढे दिसते. माणसाची विक्री त्याच्या नजरेत भरत नाही, कारण ती चेटकाइतकी अद्भुत नसून कायदेशीर होती. ॲनीला मात्र नेमके तेच दिसते. मासिकाचा गोरा वाचक यांपैकी कोणाच्या बाजूला बसतो, हे ठरवण्याचे काम लेखक त्याच्यावरच सोपवतो.

चेस्नट एवढ्यावर थांबत नाहीत. त्याच झाडाच्या लाकडापासून उभारलेली जुनी शाळा मोडून जॉन नवे स्वयंपाकघर बांधणार असतो; ॲनी आता नव्या लाकडाचा हट्ट धरते आणि थोड्याच दिवसांत ज्युलियस त्या शाळेत आपल्या मंडळींची प्रार्थनासभा भरवण्याची परवानगी मिळवतो. म्हणजे ज्युलियसने श्रोत्यांच्या करुणेचा हिशेब आधीच मांडलेला होता. अश्रू कोणाचे आणि त्यांचा उपयोग कोणाला, हा राइट यांना पुढे पडलेला प्रश्न चेस्नट यांच्या कथेने अर्धशतक आधी मिस्कीलपणे हाताळला होता, असे म्हणावे लागते.

ज्युलियसची बोली हा मराठी अध्यापकासाठी स्वतंत्र प्रश्न आहे. मूळ कथेत तो नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत बोलतो, जॉन मात्र प्रमाण भाषेत. मराठीत आणताना त्याला वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलायला लावले तर त्या त्या प्रदेशाचा रंग कथेला चढतो आणि ऐकणारा हसण्याच्या तयारीने ऐकू लागतो. प्रमाण मराठी वापरली तर दोन भाषांमधील सत्तेची दरी बुजते. बोलीचा वापर केला की विनोद, ही मराठी वाचकाची रुळलेली सवय या ठिकाणी आड येते. चेस्नट यांनाही त्यांच्या वाचकांच्या अशाच सवयीशी झुंजावे लागले होते.

साक्षीदार मुलगा : राइट आणि एलिसन

राइट यांनी आपल्या संग्रहाला लावलेला दोष सर्वच कथांना लागू पडत नाही. ‘बिग बॉय लीव्हज होम’ या कथेत चार कृष्णवर्णीय मुले बंदी असलेल्या तळ्यात पोहायला उतरतात. अचानक समोर आलेली गोरी स्त्री त्यांना नग्न पाहून किंचाळते आणि तिच्या सोबतचा पुरुष गोळ्या झाडतो. दोघे मरतात, झटापटीत तो पुरुषही मारला जातो. रात्रभर टेकडीवरच्या भट्टीच्या खड्ड्यात लपलेला बिग बॉय आपला मित्र बोबो याला जमाव जिवंत जाळत असताना पाहतो. शोक करायला त्याला उसंत नाही. खड्ड्यातला साप मारायचा, माग काढत आलेल्या कुत्र्याचा गळा दाबायचा, सकाळपर्यंत श्वास रोखून धरायचा आणि मालमोटारीत दडून शिकागोकडे निघायचे. पात्रालाच जेथे रडता येत नाही तेथे वाचकाचे रडणे थोडे संकोचते. संग्रहातील इतर काही कथांत मात्र त्याग आणि हौतात्म्य यांचा सूर चढा लागतो, आणि तेथे राइट यांची स्वतःवरील टीका पटते.

राल्फ एलिसन यांच्या ‘अ पार्टी डाउन ॲट द स्क्वेअर’ या कथेत असेच दहन आहे, पण ते पाहणारा मुलगा गोरा आहे. ही कथा एलिसन यांच्या हयातीत अप्रकाशित राहिली. १९९४ साली त्यांचे निधन झाल्यावर ‘फ्लाइंग होम’ (१९९६) या संग्रहातून ती वाचकांपुढे आली. सिनसिनाटीहून अलाबामात काकांकडे आलेला मुलगा चौकातला ‘कार्यक्रम’ पाहायला जातो आणि जे पाहिले ते, सर्कस पाहून आल्यासारखे, सांगतो. वादळात वाट चुकलेले विमान आगीच्या उजेडाला विमानतळाची खूण समजून खाली येते, विजेच्या तारा तुटतात आणि एक गोरी स्त्री विजेच्या धक्क्याने मरते. जमाव क्षणभर तिकडे वळतो आणि पुन्हा आगीभोवती गोळा होतो. जळणारा माणूस आपला गळा कापून सुटका करावी अशी ख्रिस्ती धर्माच्या नावाने विनवणी करतो. येथे आज कोणी ख्रिस्ती नाही, सगळे शंभर टक्के अमेरिकन आहेत, असे त्याला उत्तर मिळते.

मुलाच्या निवेदनात निषेधाचा एकही शब्द नाही. त्याला ओकारी मात्र होते. त्याबद्दल काका त्याची थट्टा करतात आणि मुलगा ती निमूटपणे स्वीकारतो. शरीराने दिलेली साक्ष मन नाकारते, हे एलिसन यांनी एका ओकारीतून दाखवले आहे. पुढे दुकानापाशी दोन भुकेले गोरे वाटेकरी शेतकरी येतात. माणसे मारून आपली परिस्थिती काही सुधारत नाही असे त्यांतला एक म्हणतो, तर त्याला गप्प केले जाते. कथेत विवेकाला मिळालेली जागा एवढीच. या कथेत वाचकाला टेकण्यासाठी एकही भले पात्र नाही, म्हणून तिचे वाचन त्रासदायक होते आणि म्हणूनच ती दीर्घकाळ मनात राहते.

मारेकऱ्याचे मन : वेल्टी आणि बाल्डविन

१२ जून १९६३ रोजी मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन या राजधानीत नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घरासमोर गोळी घालून हत्या झाली. युडोरा वेल्टी त्याच शहरात राहत. मारेकरी कोण हे अद्याप उघड झालेले नव्हते. परंतु आपण ज्या समाजात वाढलो त्याचेच हे मन आहे आणि ते आपल्याला ठाऊक आहे, या जाणिवेने वेल्टी यांनी ‘व्हेअर इज द व्हॉइस कमिंग फ्रॉम?’ ही कथा तातडीने लिहून काढली. ‘न्यू यॉर्कर’च्या ६ जुलै १९६३ च्या अंकात ती आली. मधल्या काळात बायरन डी ला बेकविथ याला अटक झाली होती, त्यामुळे वास्तवाशी फार जुळणारे काही तपशील छपाईपूर्वी बदलावे लागले. खटल्याची कथा निराळी आहे. १९६४ साली दोन वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि आरोपी मोकळा राहिला. तो दोषी ठरला १९९४ साली.

वेल्टी यांचा निवेदक स्वतःच मारेकरी आहे. तो राक्षस नाही. उकाड्याने त्रासलेला, बायकोची बोलणी खाणारा, दूरदर्शन संचावर सतत दिसणाऱ्या कृष्णवर्णीय नेत्यामुळे चिडलेला असा तो सामान्य माणूस आहे. गोळी झाडल्यावर तो मनोमन मृताला उद्देशून म्हणतो की, आता आपण दोघे कधीच बरोबरीचे होणार नाही, कारण मी जिवंत आहे आणि तू नाहीस. समतेचा प्रश्न त्याने आपल्यापुरता असा सोडवला आहे. त्याच्या द्वेषाच्या मुळाशी असलेली असूया यातून उघडी पडते: जन्माने वर असल्याचा दाखला सोडला तर त्याच्यापाशी मिरवण्यासारखे काहीही नाही, आणि तो दाखलाही आता रद्द होण्याच्या बेतात आहे. घरी गेल्यावर बायको कौतुक करीत नाही, उलट बंदूक तेथेच टाकून आल्याबद्दल टोमणे मारते. शेवटी तो गिटार घेऊन बसतो. खरा मारेकरी जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला होता, कथेतला गरीब आहे. अंदाजातील हा फरक सूचक म्हणावा लागेल. सुसंस्कृत लेखिकेलाही द्वेष गरीब गोऱ्यांच्या वस्तीत ठेवणे सोयीचे वाटले असावे.

जेम्स बाल्डविन यांची ‘गोइंग टू मीट द मॅन’ (१९६५) ही कथा या वाटेने आणखी खोल उतरते. जेसी हा डेप्युटी शेरीफ रात्री पत्नीशेजारी तळमळत पडला आहे. दिवसा तुरुंगात त्याने एका निदर्शकाला अमानुष मारहाण केली आहे. झोप न येता तो लहानपणात जातो: आईवडील, शेजारी, सणासुदीचे कपडे, सोबत घेतलेले खाणे आणि वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले एका कृष्णवर्णीयाचे दहन. त्या दिवशी मुलाला वडिलांविषयी अपार प्रेम वाटले होते. आयुष्यभर पुरेल अशी गुरुकिल्लीच त्यांनी आपल्या हाती दिली, असे त्याला वाटले होते. द्वेष हा शिकवावा लागतो, आणि तो मायेने, कौटुंबिक सहलीच्या वातावरणात शिकवला जातो, हे बाल्डविन यांचे निरीक्षण कोणत्याही समाजशास्त्रीय विवेचनाहून अधिक भेदक आहे. ओटिस हा त्याचा कृष्णवर्णीय खेळगडी त्या काळात कुठे दिसेनासा झाला, याचा उल्लेख कथेत ओझरता येतो आणि नंतर त्याच्याकडे वळून पाहिले जात नाही.

जेसीच्या हिंसेचे मूळ त्याच्या लैंगिक असमर्थतेत आणि भयात दाखवण्याचा कथेचा आग्रह मात्र थोडा अतिरिक्त वाटतो. एका माणसाचा मनोविकार म्हणून वर्णद्वेषाचा उलगडा झाला की निरोगी वाचक सुटकेचा निःश्वास टाकू शकतो. या बाबतीत वेल्टी यांची छोटी, कोरडी कथा अधिक निर्दय आहे. तिच्यात कसलेही निदान नाही.

बसमधील टोपी : ओ'कॉनर

मारेकरी आणि जमाव यांच्या कथांत वाचक निदान एवढे तरी म्हणू शकतो की, आपण काही हे करणार नाही. फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्या ‘एव्हरीथिंग दॅट राइजेस मस्ट कन्व्हर्ज’ (१९६१) या कथेत ही वाटही बंद होते. दक्षिणेत बसगाड्या नुकत्याच सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. जुलियन हा सुशिक्षित तरुण आपल्या जुनाट विचारांच्या आईला वजन कमी करण्याच्या वर्गाला घेऊन निघाला आहे. आईच्या डोक्यावर जांभळी-हिरवी भडक टोपी आहे. वाटेत अगदी तशीच टोपी घातलेली एक कृष्णवर्णीय स्त्री लहान मुलाला घेऊन बसमध्ये चढते. उतरल्यावर आई त्या मुलाला एक नवी चकचकीत पेनी देऊ करते. त्यावर संतापून त्याची आई हातातल्या बटव्याने तिला तडाखा देते आणि जुलियनची आई कोसळते.

कथा तृतीयपुरुषी निवेदनातून येते, पण निवेदक जुलियनच्या मनात ठाण मांडून बसला आहे. जुलियन स्वतःला पूर्वग्रहमुक्त समजतो. कृष्णवर्णीय प्रवाशाशेजारी तो मुद्दाम जाऊन बसतो, ओढ नसतानाही बोलणे काढतो, कृष्णवर्णीय प्राध्यापक किंवा वकील मित्र करून घरी आणावा अशी स्वप्ने रंगवतो. हे सगळे आईला डिवचण्यासाठी. त्याच वेळी पणजोबांच्या वाड्याची ओढ त्याला आईहून अधिक आहे. समोरच्या कृष्णवर्णीय माणसात माणूस म्हणून त्याला काडीचाही रस नाही. आईविरुद्धच्या भांडणातले ते एक साधन आहे. सुधारणावादी वाचक कथेच्या पहिल्या पानापासून जुलियनच्या बाजूने हसत येतो आणि शेवटच्या पानावर त्याच्यासह पकडला जातो. रस्त्यावर कोसळलेली आई अखेरच्या क्षणी बोलावते ती आजोबांना आणि कॅरोलाइनला, लहानपणी सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय दाईला. तिच्या वर्णद्वेषात एक जुने, विषम, पण खरे नाते शिल्लक होते. मुलाच्या समतेत नाते कोठेच नाही. ओ'कॉनर यांच्या पत्रांतून पुढे त्यांचे स्वतःचे पूर्वग्रहही उघड झाले आणि त्यावर बराच वाद झाला. जुलियन त्यांनी इतका अचूक कसा उभा केला, याचे थोडे उत्तर त्या पत्रांतही असावे.

जात चोरणे आणि वंश दडवणे

या परंपरेकडे मराठी साहित्याचे लक्ष फार पूर्वी वेधले गेले आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख औरंगाबाद येथील तरुण लेखकांना करून दिली; जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथलेखन केले; आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. या संबंधांची चर्चा बहुधा प्रेरणा आणि प्रभाव यांपुरती मर्यादित राहते. निवेदनाच्या पातळीवरही येथे एक लक्षणीय तुलना संभवते.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा निवेदक दलित तरुण आहे. रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने परक्या ठिकाणी गेल्यावर तो जात दडवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. अमेरिकेत उजळ कांतीचे काही कृष्णवर्णीय गोऱ्यांत मिसळून राहत, त्यांच्यावरही कथा-कादंबऱ्या आहेत. तेथे लपवायचे ते रंगाच्या आड लपते. जात मात्र कातडीवर दिसत नाही, म्हणून तिची चौकशी करावी लागते. आडनाव, गाव, देव विचारावा लागतो. बागूलांच्या कथेत निवेदकाची जात कथेतील माणसांपासून लपलेली आहे, वाचकाला ती शीर्षकापासूनच ठाऊक आहे. त्यामुळे प्रत्येक आदरातिथ्यात, प्रत्येक गोड शब्दात वाचक पुढच्या घावाची चाहूल घेत राहतो.

टोनी मॉरिसन यांनी ‘रेसिटॅटिफ’ (१९८३) या कथेत ही मांडणी नेमकी उलटी केली. ट्वायला आणि रॉबर्टा या आठ वर्षांच्या मुली अनाथाश्रमासारख्या एका निवाऱ्यात एका खोलीत राहतात. एक गोरी आहे, एक काळी. दोघींना आणि भोवतालच्या सर्वांना ते ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त वाचकाला. कथा अखेरपर्यंत ते सांगत नाही. वंशाची ओळख ज्यांच्यासाठी कळीची आहे अशा दोन पात्रांच्या कथेतून वंशाच्या सर्व खुणा काढून टाकण्याचा हा प्रयोग होता, असे मॉरिसन यांनी ‘प्लेइंग इन द डार्क’ (१९९२) च्या प्रस्तावनेत म्हटले आहे.

परिणामी वाचक स्वतःच चौकशी करू लागतो. ट्वायलाची आई रात्रभर नाचते, मग ती कोण? रॉबर्टाच्या आईच्या छातीवर भला मोठा क्रूस आहे आणि ती ट्वायलाच्या आईशी हस्तांदोलन करीत नाही, मग ती कोण? कोणी संगीताच्या कार्यक्रमाला निघाली, कोणी श्रीमंताशी लग्न केले, कोणी अग्निशामक दलातील माणसाशी. पुढे शाळांत गोऱ्या-काळ्या मुलांचे मिश्रण करण्याच्या प्रश्नावर दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना फलक घेऊन उभ्या राहतात. प्रत्येक तपशील पुरावा वाटतो आणि प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंनी लागू पडतो. वाचकाच्या हाती शेवटी त्याचेच निकष उरतात. ‘कथेतील वर्णद्वेषाची उदाहरणे द्या’ असा प्रश्न परीक्षेत विचारण्याची आपली पद्धत या कथेपुढे निरुपयोगी ठरते, कारण पहिले उदाहरण उत्तरपत्रिकेतच सापडण्याची शक्यता असते. वर्गात मात्र ती फार उपयुक्त आहे. कोण गोरी, कोण काळी, हे आधी लिहून घ्यावे आणि मग प्रत्येकाला कारण विचारावे; आडनाव ऐकून जात ओळखणाऱ्या आपल्या वर्गाला ती कारणे ओळखीची वाटतील.

निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात मॅगी नावाची एक मुकी, बाकदार पायांची स्त्री काम करीत असे. मोठ्या मुलींनी तिला बागेत पाडून मारले होते. आपणही तिला लाथा घातल्या का, ती काळी होती की नव्हती, यावर दोघी मैत्रिणी आयुष्यभर वाद घालतात. दोघींच्या आठवणी जुळत नाहीत. एवढेच स्पष्ट होते की, मारले नसले तरी मारावेसे दोघींना वाटले होते. वंशाचा शोध घेता घेता वाचकही तोपर्यंत मॅगीला विसरलेला असतो. कथेच्या अखेरीस, नाताळच्या सुमारास एका उपाहारगृहात रॉबर्टा रडू लागते. अश्रू येथेही आहेत, पण ते पुसताना ती विचारते की, त्या मॅगीचे पुढे झाले तरी काय?